किल्ला आधी बोलायचा, मग रचायचा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, गोणपाटं आणि मातीचे ढीग दिसायला लागतात. शिकवायला कुणी नसतं. तरी पोरं आधी डोंगर रचतात, मग बुरूज, मग पायऱ्या आणि सगळ्यात शेवटी मावळे. क्रम चुकला तर मातीच सांगते: मावळे आधी मांडले की चिखल थापताना तेच गाडले जातात.

बालवाडीत ज्याला 'हेतुपूर्ण खेळ' म्हणतात, तो हाच. फरक एवढाच की खेळणारे तीन ते पाच वर्षांचे असतात आणि एका खोलीत वीस-पंचवीस असतात. पण शाळेत बहुतेक वेळा किल्ला ताई आणि मदतनीस मिळून करतात, आणि मुलं फेटे बांधून फोटोपुरती त्याच्या शेजारी उभी राहतात. आषाढातल्या दिंडीचंही तेच. पालकांच्या ग्रुपवर फोटो जातो, अंगठे येतात, आणि मुलाच्या हाताला काय लागलं याचं उत्तर 'काही नाही' असं असतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि ठरवून दिलेला खेळ असे तीन प्रकार सांगितले आहेत. वर्गात गडबड मधल्या प्रकाराची होते. 'मार्गदर्शित' म्हटलं की ताई हेतू ठरवून मोकळ्या होतात: आज लाल रंग, आज गोल आकार. तो ताईंचा हेतू झाला. मुलाचा हेतू त्याच्या तोंडून यावा लागतो, आणि त्यासाठी रोजच्या वेळापत्रकात ठरलेली जागा लागते.

ती जागा म्हणजे योजना, कृती, आठवण: काय करणार ते मुलानं आधी सांगायचं, मग करायचं, शेवटी काय झालं ते सांगायचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलांटी इथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी बालवाडीच्या कामातून ही पद्धत घडत गेली. आपल्या खोलीत ती अशी बसते: आठ-दहा मिनिटं योजना, निदान पंचेचाळीस मिनिटं खेळ, दहा मिनिटं आवराआवर, आठ मिनिटं आठवण.

योजना पंचवीस मुलांना एका गोलात बसवून करू नका. प्रत्येकाला एक मिनिट धरलं तरी शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पहिलं मूल भिंतीला पाय लावून झोपलेलं असतं. सहा-सात जणांचा एक गट ताईंकडे, तेवढाच मदतनीस ताईंकडे. उरलेल्यांची योजना उद्या, आज त्यांनी थेट खेळायला जावं. ज्याचं सांगून झालं त्यानं लगेच उठायचं, बाकीच्यांसाठी थांबायचं नाही.

विचारायचं कसं, यावर अर्धं काम अवलंबून आहे. 'कुठं खेळणार?' विचारलं की 'ठोकळ्यांत' एवढंच येतं. 'काय करणार?' विचारलं की वाक्य येतं. यासाठी पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, कंडक्टरचा खेळ फार उपयोगी पडतो. ताईंच्या हातात कागदाच्या पट्ट्या. 'कुठं जायचं?' 'मातीत.' 'तिथं काय करणार?' 'पायऱ्या.' पट्टीवर 'पायऱ्या' लिहून तिकीट हातात द्यायचं. शब्द मुलाचाच लिहायचा, सुधारून 'किल्ल्याच्या पायऱ्या बांधणे' करायचा नाही. तीन वर्षांचं मूल कदाचित बोलणार नाही, ते वस्तू आणून दाखवेल किंवा बोट करेल. ती योजनाच आहे. चार वर्षांचं वस्तू आणि क्रिया दोन्ही सांगतं. पाचाच्या आसपास 'आधी हे, मग ते' यायला लागतं आणि चित्रही काढता येतं.

आता किल्ला. दिवाळीच्या सुट्टीआधी किमान दहा शाळेचे दिवस हातात हवेत. पाच मुलांमागे साधारण दोन बाय तीन फुटांचा एक पसरट ट्रे किंवा कडा दुमडलेली ताडपत्री, दोन घमेली माती, एक गोणपाट, आणि डोंगराच्या पोटात घालायला काहीतरी. अख्खी वीट साधारण तीन किलोची असते, ती या वयाच्या हातात नको. अर्धी वीट, मोठे गोटे किंवा कागद कोंबलेले पुठ्ठ्याचे खोके चालतात. माती पोयट्याची किंवा लाल घ्या. आपल्याकडची काळी माती हाताला छान लागते, पण वाळली की आक्रसते आणि दोन दिवसांत बुरुजाला भेगा पडतात.

पहिले दोन दिवस मातीला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं आणि काढायचं. किल्ल्यावर काय काय लागतं? सिंहगडावर जाऊन आलेलं एखादं मूल पाण्याचं टाकं आणि दही सांगेल. कुणी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे खिळे सांगेल. सगळं मोठ्या कागदावर चित्रात. दहीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पोटातला डोंगर. चौथ्या दिवशी गोणपाट पातळ चिखलात भिजवून त्यावर पसरायचं आणि वर माती थापायची. इथं पाणी जास्त होतं, दरवेळी होतं, कारण मुलांना पाणी ओतायचं असतं. तांब्या काढून घ्या, वाटी ठेवा. माती जमली की नाही हे मुलांना स्वतः तपासता येतं: मूठ दाबली की गोळा टिकावा, बोटानं ढकलला की फुटावा. गोळा बोटाला चिकटून ओघळला तर सुकी माती. मुठीतच भुरभुरला तर अर्धी वाटी पाणी. ही तपासणी एकदा दाखवली की 'ताई, बरोबर आहे का?' हा प्रश्न बराच कमी होतो.

पाचव्या दिवशी पायऱ्या आणि वाट, आणि त्यानंतरच अळीव. उलटं केलं तर वाट कोरताना पेरलेलं सगळं उकरलं जातं. अळीव भिजवून टाकू नका. भिजला की तो बुळबुळीत होतो, गठ्ठ्यानं पडतो आणि त्या गठ्ठ्यात बुरशी धरते. ओल्या मातीवर कोरडा, चिमटीनं भुरभुरायचा. एका किल्ल्याला दोन चमचे पुष्कळ. उभ्या कड्यावर तो टिकत नाही, घरंगळून पायथ्याशी जमतो आणि हिरवळ फक्त तळाशी येते. हे आधी सांगू नका, येऊ द्या. 'वर गवत का नाही आलं?' हा प्रश्न मुलांकडून आला तर तो वर्षभराच्या परिसर अभ्यासाला भारी आहे. पाणी बोटांनी शिंपडायचं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवळ. शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार, हेही योजनेतच ठरवा, नाहीतर सोमवारी वाळवंट.

चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायचे छोटे पुतळे, शेवटी. बाजारातले छोटे मावळे आणि तोफा घेताना एक बघा: साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. मिश्र वयाच्या वर्गात असले तुकडे नकोतच. तुळशीबागेतल्या सुबक भातुकलीतल्या इवल्या पळ्या-झाकण्यांनाही हाच नियम.

या सगळ्या दिवसांत ताईंनी काय करायचं? खाली बसायचं, बघायचं, मग बोलायचं. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, मुलं नुसती घमेल्याभोवती फिरतात, माती इकडून तिकडे नेतात. विसाव्या मिनिटाला घंटा दिली तर वर्षभर एवढंच दिसेल, आणि मग 'आमच्या मुलांना खेळता येत नाही' अशी तक्रार होते. मुलांना येतं, वेळ पुरत नाही. 'वा, छान!' म्हटलं की बोलणं संपतं. 'किती पायऱ्या झाल्या सांग बघू' म्हटलं की खेळाची परीक्षा होते. 'ही पायरी तू रुंद केलीस' असं नुसतं दिसलेलं सांगितलं की कारण आपोआप येतं: 'हत्ती चढणारे.'

काम अर्धवट राहिलं तर मोडायचं नाही, पाटी लावायची. पुण्यात पाट्यांना तोटा नाही. मुलानं स्वतः रेघोट्या ओढून केलेली 'हात लावू नये' ही पाटी बाकीची मुलं मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात.

ठोकळ्यांच्या कोपऱ्यालाही हीच रीत. तिथं मात्र साहित्यच बिनचूक लागतं. मूळ ठोकळा १४ बाय ७ बाय साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे ४:२:१. दुप्पट २८ चा, अर्धा ७ चा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून वाळलेलं, बिनगाठीचं लाकूड आणून सुताराकडून कापून घेता येतात. सुतार एक ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे देतो, तिथं घोटाळा होतो: करवतीच्या पात्यात दोन-तीन मिलिमीटर लाकूड जातं आणि दोन अर्धे मिळून एक होत नाही. चार अर्ध्यांच्या खांबाशेजारी दोन अख्ख्यांचा खांब उभा केला की वरची फळी तिरकी बसते, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. प्रत्येक माप वेगळं मोजून कापायला सांगा.

आठवणीची वेळ आवराआवर झाल्या झाल्या, उशीर नको. हातात वस्तू किंवा सकाळचं तिकीट. 'काय ठरवलं होतंस, काय झालं?' पायऱ्या करायला गेलेल्यानं तळं केलं असेल तर ती चूक धरू नका. तळं कसं झालं, पाणी कुठं मुरलं, हे विचारा. रोज तीन-चार मुलंच पुरे.

सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा अळीव पिवळा पडून आडवा झालेला असतो. मदतनीस ताईंनी मुलं यायच्या आधी सगळं झाडून काढू नये. गोणपाट मुलांनाच उचलू द्यावं, कारण अळिवाची मुळं त्यात रुतलेली असतात आणि मातीची अख्खी साल त्याच्याबरोबर वर येते. मग माती चाळून घमेल्यात, विटा मोजून कोपऱ्यात, आणि पहिल्या दिवशी काढलेलं चित्र शेजारी ठेवून बघायचं, दह्याचं काय झालं.