राजपत्रानंतरचे अकरा महिने

व्यापारचिन्हांचा नवा कायदा संसदेत एका दुपारी संमत झाला आणि त्यानंतर तो प्रत्यक्ष लागू व्हायला अकरा महिने लागले. विधी मसुदाकार म्हणून हा सगळा काळ मी त्या लहानशा बेटराष्ट्रात काढला. देशाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जिथे लोकसंख्या मोजकी आणि अधिकारी त्याहून मोजके, तिथे थोड्याफार फरकाने हेच घडते.

जुनी पद्धत वसाहतकाळातली होती. ब्रिटनमध्ये नोंदलेले चिन्ह तेवढेच इथे पुन्हा नोंदवता येई. किरिबाटी, तुवालू यांसारख्या देशांतही हीच पद्धत स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली. स्थानिक उत्पादकाला स्वतःच्याच देशात थेट नोंदणी करता येत नसे, म्हणून नवा कायदा.

मसुदा मात्र एका मोठ्या देशाच्या कायद्यावर बेतलेला होता. त्यात निबंधक, उपनिबंधक आणि अपिले ऐकणारे न्यायाधिकरण अशी उतरंड होती, तर कार्यालयात होत्या एकट्या एक बाई. कंपन्या, विवाह आणि जमिनीचे दस्त त्याच नोंदवत. कलमे वाचून त्यांनी शांतपणे विचारले, "हरकतीची सुनावणी मी घ्यायची, आणि अपिलात कार्यालयाची बाजूही मीच मांडायची का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. वेगवेगळी कलमे वेगवेगळ्या तारखांना अमलात आणण्याची मुभा होती, म्हणून कायद्यातले न्यायाधिकरणाचे प्रकरण तूर्त बाजूला ठेवले आणि अपील थेट उच्च न्यायालयाकडे नेणारी दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात मांडली. त्यातच पाच महिने गेले.

दरम्यान मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याने कुठेतरी वाचले की, बौद्धिक संपदा हक्कांविषयीच्या ट्रिप्स कराराच्या बहुतेक तरतुदी लागू करण्यासाठी जागतिक व्यापार संघटनेच्या अल्पविकसित सदस्यांना १ जुलै २०३४ पर्यंत मुदत आहे, आणि मग घाई कशाला, असा शेरा नस्तीवर आला. हा देश अल्पविकसितांच्या यादीत नव्हताच, हे लेखी कळवण्यात आणखी दोन आठवडे गेले.

खरी दमछाक नियमांनी केली. कायद्यात पानोपानी 'विहित नमुना', 'विहित शुल्क' असे शब्द होते, पण विहित काहीच केलेले नव्हते. शुल्क ठरले, तर ते जमा करायला कोषागारात लेखाशीर्ष नव्हते. जुन्या नोंदी 'या कायद्याखाली झाल्याचे मानले जाईल' एवढे एकच वाक्य लिहून मूळ मसुदा लिहिणारा मोकळा झाला होता. त्यांची मुदत कधीपासून मोजायची, याचा उल्लेखही नव्हता. खाऱ्या हवेने टाचण्या गंजलेल्या त्या जाड नोंदवहीत काही चिन्हे मालाची विभागणी करणाऱ्या ब्रिटनच्या जुन्या ५० वर्गांच्या पद्धतीने लिहिलेली होती आणि ती वस्तू व सेवांच्या नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ४५ वर्गांत बसवायची होती. बाई मोठ्याने वाचत, मी वर्ग लिहीत असे.

पहिला अर्ज एका साबण बनवणाऱ्याचा आला. नवी नोंदवही छापून आलेली नव्हती, म्हणून बाईंनी जुनीचेच शेवटचे कोरे पान उघडले, पट्टीने रेघ ओढली आणि रेघेखाली क्रमांक १ लिहिला.