तुम्ही विचारलंत म्हणून: येहोशुआच का?

दोन-तीन वर्षांनी ठाण्याला माहेरी येते, तेव्हा येहोशुआच का, आणि त्याला वाचायचं तर सुरुवात कशाने करायची, असं कुणी ना कुणी विचारतंच. मागच्या खेपेला शाळेतल्या मैत्रिणीने विचारलं, "तू इतकी वर्षं इस्रायलमध्ये हैफाला आहेस, हिब्रू वाचतेस, मग दर वेळी त्या एकाच लेखकाचं नाव का गं घेतेस? तो काही आपल्यातला नव्हे." आपल्यातला म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारा कोकणातला ज्यू, आडनावाला 'कर' लागणारा. तसा तो नव्हता, खरंच. तिला मी चहा संपेपर्यंत जे सांगितलं ते अपुरं राहिलं, म्हणून आता नीट लिहिते.

लेखकाचं नाव आ. ब. येहोशुआ. हिब्रूत ही दोन आद्याक्षरं अलेफ आणि बेत, म्हणजे मुळाक्षरांतली पहिली दोन. 'आ' म्हणजे अव्राहाम. 'ब' म्हणजे बुली, हे त्यांचं लहानपणीचं लाडाचं नाव. ते आयुष्यभर टिकलं आणि पुस्तकांवरही राहिलं. डिसेंबर १९३६ मध्ये जेरुसलेमला जन्म. वडिलांचं घराणं सफारदी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंचं, ग्रीसमधल्या सालोनिकाहून येऊन जेरुसलेमात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं. आई मोरोक्कोची, १९३२ मध्ये आपल्या वडिलांबरोबर आलेली. वडील याकोव येहोशुआ अरबीचे जाणकार होते. जुन्या जेरुसलेममधल्या सफारद्यांच्या जगण्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली.

मी १९७७ साली इथे आले. बावीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली, मराठी माध्यमातली. उल्पानमध्ये, म्हणजे नवागतांच्या भाषावर्गात, पाच महिने हिब्रू शिकले आणि हैफातल्या एका इस्पितळात लागले. हिब्रू छापतात ती स्वरचिन्हांशिवाय. समजा मराठीत नुसतं क-म-ल लिहिलं आणि ते कमल आहे, कमाल आहे की कोमल, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं, तसं. वर्तमानपत्राची एक बातमी वाचायला मला अर्धा तास लागायचा. घरी तोंड बंद राहत नसे अशी मी, इथे वॉर्डात 'हो', 'नाही' आणि 'दुखतंय का' एवढ्यावर आले होते. माझा रंग बघून एका कार्यालयातल्या बाईंनी "तू नक्की यहुदी आहेस ना?" असं विचारलं, तेव्हा उत्तर डोक्यात मराठीत तयार होतं. हिब्रूत ते जमेना. मी नुसती उभी राहिले.

त्या दिवसांत एका सहकारिणीने मला 'हमेआहेव' दिली, म्हणजे 'प्रियकर'. १९७७ चीच कादंबरी, येहोशुआंची पहिली. म्हणाली, "ही वाच, यात सगळे बोलतात." खरंच त्यात निवेदक असा कुणी नाही. आदाम नावाचा गॅरेजवाला, त्याची बायको आस्या, मुलगी दाफी, एक म्हातारी आणि नाईम नावाचा पंधराएक वर्षांचा अरब पोरगा, हे सगळे पाळीपाळीने आपापलं सांगतात. १९७३ च्या युद्धानंतर आस्याचा प्रियकर गायब झालाय आणि तिचा नवराच त्याला शोधत हिंडतोय. गोष्ट हैफातली. मी रोज ज्या चढउतारांवरून बसने जायचे त्याच रस्त्यांवरची. मला सगळ्यात जवळचा वाटला तो नाईम. तो ज्यूंच्या घरात उभा राहून बियालिकच्या हिब्रू कविता धडाधड म्हणून दाखवतो. त्या घरातल्या मुलीपेक्षा त्याला त्या जास्त येतात. ते पान मी तीनदा वाचलं. ठाण्याच्या शाळेत मराठी कवितापाठांतरात पहिली येणारी मी, आमच्या मशिदीत (आमच्या घरात सिनेगॉगला मशीदच म्हणायचे) मात्र हिब्रू प्रार्थना अर्थ न कळता म्हणायचे. भाषा आपली कुठली आणि परकी कुठली, हा गुंता त्या पोरालाही होता.

मग मागचं वाचत गेले. 'मुल हायेआरोत', म्हणजे 'अरण्यांसमोर', ही त्यांची साठच्या दशकातली दीर्घकथा. प्रबंध पुरा न होणारा एक विद्यार्थी जंगलात वणव्यावर नजर ठेवायची नोकरी धरतो. जंगल नवं, माणसांनी लावलेलं. तिथे एक म्हातारा अरब रखवालदार आणि त्याची लहान मुलगी राहतात. युद्धात म्हाताऱ्याची जीभ कापली गेली आहे. हळूहळू कळतं की या झाडांखाली एक अरब गाव आहे. शेवटी जंगल पेटतं आणि धूर विरल्यावर गावाची आखणी डोळ्यांसमोर उभी राहते. तिशीही न गाठलेल्या लेखकाने, देशाला जेमतेम पंधरा वर्षं झाली असताना हे लिहिलं. काहींना ते झोंबलं, पुढेही झोंबत राहिलं. मला त्यातला तो जीभ नसलेला माणूस विसरता येत नाही. बोलू न शकणाऱ्या माणसांमध्येच माझी नोकरी गेली. पक्षाघाताचे रुग्ण, घशात नळी असलेले. त्यांना काय म्हणायचंय ते डोळ्यांवरून, बोटांवरून ताडायचं असतं. येहोशुआंना ते ताडता येतं, हे माझं मत आहे आणि माझ्या आवडीचं मूळ तिथेच आहे.

मध्यंतरीचं आयुष्य थोडक्यात सांगते. सैन्यात छत्रीधारी होते, मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात साहित्य आणि तत्त्वज्ञान. १९६० मध्ये रिव्काशी लग्न झालं. घरात तिला इका म्हणत. ती पुढे मनोविश्लेषक झाली. १९६३ ते ६७ पॅरिसला, तिथे ज्यू विद्यार्थ्यांच्या जागतिक संघटनेचं काम केलं. १९६७ पासून हैफा, आणि तिथल्या विद्यापीठात वर्षानुवर्षं साहित्य शिकवलं.

नाटकांबद्दल मैत्रिणीने मुद्दाम विचारलं होतं, ठाण्याची आहे ना, गडकरी रंगायतनला जाणारी. १९६९ मध्ये 'मेमधली एक रात्र' आलं. १९६७ च्या युद्धाआधीची ताणाची रात्र, जेरुसलेममधलं एक घर, घरातली माणसं एकमेकांवर वस्कन येतात. पुढे आणखी नाटकं आली. उतारवयात २०१२ मध्ये बेन गुरियन आणि जाबोटिन्स्की या ज्यू राष्ट्रवादी चळवळीतल्या दोन हाडवैरी नेत्यांच्या १९३४ च्या लंडनमधल्या भेटींवर त्यांनी नाटक लिहिलं, ते तेल अवीवच्या कामेरी थिएटरने केलं. नाटकं चांगली आहेत. पण त्यांच्यातला खरा नाटककार मला कादंबऱ्यांतच भेटतो. १९८२ च्या 'गेरुशिम मेउहारिम'मध्ये, म्हणजे उशिराच्या घटस्फोटात, एक म्हातारा अमेरिकेहून मनोरुग्णालयातल्या बायकोकडून घटस्फोट घ्यायला येतो. नऊ दिवस, नऊ माणसं, प्रत्येकाचा एकेक दिवस. नातवापासून बडबड्या वकील जावयापर्यंत प्रत्येकाची हिब्रू वेगळी. नावं झाकली तरी कोण बोलतंय ते कळतं.

आणि मग 'मार मानी', म्हणजे 'श्री. मानी'. १९९०. ही समजावून सांगायची तर मला आमच्या चाळीत जावं लागतं. चाळीत फोन एकाच घरी होता. मी हैफाहून फोन लावला की आईला हाक जायची, ती ओले हात पदराला पुसत धावत यायची आणि ओरडून बोलायची, कारण एवढ्या लांबचं ऐकू येईल की नाही याची तिला खात्री नसे. "काय? कधी? मग तो काय म्हणाला? नाही, तू गप्प बसू नकोस." माझा आवाज तिच्याशिवाय कुणालाच ऐकू जात नसे, पण संध्याकाळपर्यंत चाळीला माझी सगळी हकिगत ठाऊक झालेली असायची. 'मार मानी' अशी लिहिलेली आहे. पाच संवाद, आणि पाचांतही एकाच माणसाचं बोलणं छापलेलं. समोरचा काय बोलला ते आपण लावून घ्यायचं.

शिवाय काळ उलटा चालतो. १९८२ मध्ये नेगेव वाळवंटातल्या एका किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीत, मुलगी आईशी बोलते आहे. मग १९४४, क्रीट बेटावर जर्मन सैनिक आजीला सांगतोय. १९१८, जेरुसलेममध्ये ब्रिटिश सैन्यातला तरुण ज्यू वकील आपल्या कर्नलला. १८९९, पोलंडमधला डॉक्टर वडिलांना. आणि शेवटी १८४८, अथेन्स. अव्राहाम मानी आपल्या म्हाताऱ्या गुरूंसमोर बसून मनातलं भयंकर काहीतरी कबूल करतोय. या शेवटच्या संवादात गुरूंचं बोलणं छापलेलं नाही याचं कारण वेगळं आहे. झटक्याने त्यांची वाचाच गेली आहे. निवाडा मागणारा माणूस आणि निवाडा देऊ न शकणारा माणूस. मी ते रात्रपाळीत वाचलं, पहाटे, आणि उठून एका रुग्णाचा हात धरून बसले.

पाचही संवादांत सफारदी मानी घराण्याची एकेक पिढी आहे. येहोशुआंची आधीची पुस्तकं वाचून हा लेखक सफारदी आहे हे सहसा ध्यानात येत नसे. वडील आयुष्यभर जुन्या सफारदी जेरुसलेमबद्दल लिहीत राहिले आणि मुलगा दुसरंच काही लिहीत होता. १९८२ मध्ये वडील गेले. 'मार मानी' आली तेव्हा मुलगा ५३ वर्षांचा होता. मी हे वाचलं तेव्हा माझी मुलं माझ्याशी हिब्रूत बोलायला लागली होती, मी मराठीत विचारलं तरी. त्या पुस्तकानंतर मी हट्टाने मराठीत बोलत राहिले. आज मोठा मुलगा पन्नाशीकडे झुकलाय आणि आजीच्या मलिद्याच्या थाळीत काय काय असायचं ते मला विचारतो.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. २००६ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन ज्यूंसमोर ते जे बोलले त्याचा आशय असा, की पुरतं ज्यूपण इस्रायलमध्येच जगता येतं, बाहेरचे लोक देश जाकिटासारखे बदलतात. मला ते लागलं. माझे पूर्वज कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. माझी आई ठाण्याच्या स्वयंपाकघरात शुक्रवारी तेलाचा दिवा लावायची. ते जाकीट नव्हतं. पण हाच माणूस पॅलेस्टिनींच्या हक्कांसाठी जन्मभर उभा राहिला. ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉनचं युद्ध थांबवा म्हणून आमोस ओझ आणि दाविद ग्रॉसमन या लेखकांबरोबर त्यांनी जाहीर मागणी केली. दोनच दिवसांनी ग्रॉसमनचा मुलगा त्या युद्धात मारला गेला.

२००४ ची एक कादंबरी आहे. जेरुसलेममधल्या बाँबस्फोटात एक परदेशी सफाई कामगार बाई जाते आणि बेकरीतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यावर तिचं शव मायदेशी पोचवायची जबाबदारी येते. अख्ख्या पुस्तकात नाव फक्त त्या मेलेल्या बाईला आहे, युलिया. बाकी सगळे अधिकारी, मालक, पत्रकार असे हुद्द्यांनी ओळखले जातात. असं करणाऱ्या लेखकाशी माझं भांडण असलं तरी ते घरातलं आहे.

१९९५ मध्ये त्यांना इस्रायल पारितोषिक मिळालं. २०१६ मध्ये इका गेली. १४ जून २०२२ रोजी कर्करोगाने ते गेले, ८५ वर्षांचे होऊन. स्मृतिभ्रंश होऊ लागलेल्या एका रस्ते अभियंत्यावरची कादंबरी २०१८ ची, ऐंशी ओलांडल्यावरची.

आता, सुरुवात कशाने करायची तेही तुम्ही विचारलं होतं. 'मोल्खो'ने करा, १९८७. इंग्रजीत ती 'फाइव्ह सीझन्स', म्हणजे 'पाच ऋतू', या नावाने मिळते. हिलेल हाल्किन यांचं भाषांतर चोख आहे. पहाटे चारला बायको मरते तिथून सुरू होते. नवऱ्याने वर्षानुवर्षं तिची शुश्रूषा केली आहे आणि आता उरलेल्या महागड्या औषधांचं काय करायचं ही त्याला चिंता पडली आहे. असे नवरे मी इस्पितळाच्या खिडकीशी औषधांची पिशवी घेऊन उभे राहिलेले पाहिले आहेत. रडू येत नसतं, पिशवी सोडवत नसते.

'मार मानी'ची माझी हिब्रू प्रत या वेळी भाचीकडे ठाण्यालाच ठेवली आहे. ती हिब्रू शिकतेय. शेवटच्या संवादात समासात पेन्सिलीने मराठीत वाक्यं लिहिलेली दिसतील. गुरू काय म्हणाले असते ते मी पहाटे पहाटे लिहीत गेले होते. काही ठिकाणी खोडून दुसरं लिहिलं आहे. एका पानावर नुसतं "थांब" आहे. तिला सांगितलंय, पुसू नकोस, पण तुला वेगळं वाटलं तर शेजारी लिही.