शाम्पू की चंपी?

परवा कटिंग झाल्यावर सलूनमधल्या पोराने विचारलं, "काका, शाम्पू करायचा की चंपी?" मी म्हटलं अरे दोन्ही एकच की! त्याने आरशातून माझ्याकडे असं काही बघितलं की मी गप्पच बसलो.

पण खरंच एकच आहे हो. हिंदीत चांपना म्हणजे दाबणं, चेपणं, त्याचं आज्ञार्थी रूप चांपो, तेच साहेबाने उचललं आणि इंग्रजीत १७६२ पासून हे क्रियापद छापील सापडतं. तेव्हा शाम्पू करणे म्हणजे अंग रगडून देणे, केसांचा काही संबंधच नाही! आपलं चेपणंही मला तरी याच भावकीतलं वाटतं. आजी दुपारी आडवी झाली की हाक मारायची, "जरा पाय चेप रे", टाचांच्या भेगांत मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, घातलेलं असायचं त्यामुळे हात सटकायचे, मग ती म्हणायची हात आहेत का कापूस. म्हणजे इंग्रजी हिशोबाने मी सहाव्या वर्षी आजीला शाम्पू करत होतो.

इंग्लंडात याचा धंदा केला तो पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदने. आधी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली, दोनेक वर्षांत दिवाळं निघालं, मग गडी ब्रायटनच्या समुद्रकाठी गेला आणि तिथे वाफेची स्नानं सुरू केली. गिऱ्हाईक औषधी वाफेत घाम गाळत फ्लॅनेलच्या तंबूत बसायचं आणि तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यातून बाहेरच्या माणसाने हात घालून आतल्याला रगडायचं. काय डोकं आहे बघा! पुढे चौथ्या जॉर्ज राजाचा तो शाम्पूइंग सर्जन झाला, आमच्या आजीने मला कधी चिमूटभर साखरेच्या वर काही दिलं नाही.

साधारण १८६० च्या सुमारास मग या शब्दाचा अर्थ डोकं चोळून धुणं असा झाला, पुढे धुण्याचा साबणच शाम्पू झाला आणि तो बाटलीत, पुडीत बसून आपल्याकडे परत आला. चेपणारे हात मात्र गायब.

मी अर्थातच चंपी सांगितली. दहा मिनिटं त्या पोराने असं काही डोकं बडवलं की डोळे मिटायला लागले, आणि तेवढ्यात कानाशी, "काका, तेल फार झालंय, आता शाम्पू मारू का?"