वहीतले चौथे वाक्य

रविवार, रात्री साडेअकरा

धाकटीच्या इंग्रजीच्या वहीवर पालकांची सही राहिली आहे आणि दुपारपासून माझ्याच्याने ती होत नाही. सत्ता आणि अधिकार यांच्याशी संबंधित पाच शब्द वर्गात दिले होते व प्रत्येकाचे एकेक वाक्य करून आणायचे होते. ‘रूल’साठी तिने सम्राट अशोक घेतला, ‘गव्हर्न’साठी दिल्ली, ‘कमांड’साठी जहाजाचा कप्तान, चौथ्या शब्दासाठी मात्र तिला घराबाहेर जावे लागले नाही. ‘माय मदर डॉमिनेट्स अवर होम.’ निळी शाई, एकही खाडाखोड नाही, शेजारी बाईंची बरोबरची लाल खूण आणि ‘गुड’.

मी यांना दाखवले. “व्याकरण बरोबर आहे की,” एवढे म्हणून हे पुन्हा मॅच बघू लागले. वन्सं फोनवर जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

तिने ‘घरात आईचा धाक आहे’ असे लिहिले असते तर मला इतके लागले नसते. आईबापांच्या धाकात वाढलेली मुले, असे आपण कौतुकानेच म्हणतो; दरारा आणि वचक यांतही थोडा आदर मिसळलेला असतो, आणि वर्चस्व या शब्दात तर वर्चस् म्हणजे तेज आहे. डॉमिनेट या शब्दात मला फक्त मानेवरचा हात दिसला. पहाटे साडेपाचला उठून तिघांचे डबे भरायचे, परीक्षेत तिच्या बरोबरीने जागायचे, स्वतःचे काही बेत आखायचेच नाहीत, आणि या सगळ्याला तिच्या वहीत हे नाव मिळावे? दुपारभर मी स्वयंपाकघरात डोळे पुसत होते, हे खरे आहे.

संध्याकाळी भाकऱ्या करताना राहवले नाही, म्हणून व्युत्पत्तीचा जुना इंग्रजी कोश काढून ओट्यावरच उघडला. डॉमिनेटच्या मुळाशी लॅटिनमधला ‘डॉमिनुस’ आहे, म्हणजे घरधनी, आणि त्याच्याही मागे ‘डोमुस’, म्हणजे घर. आपल्या वेदांत घराला ‘दम’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. ‘दंपती’ या शब्दाचा मूळ अर्थ घराचा स्वामी. पुढे तो शब्द नवराबायको दोघांचा मिळून झाला. ग्रीकांकडे त्याच जोडशब्दाचा ‘देस्पोतेस’ झाला आणि इंग्रजीत येईपर्यंत त्याचा अर्थ जुलमी सत्ताधीश असा झाला. ज्या शब्दाने आम्हां दोघांना सत्यनारायणाच्या पूजेला बसवले, त्याचा सख्खा भाऊ ‘डेस्पॉट’ निघावा, हे वाचून मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

मग पुढे वाचतच गेले. ‘लॉर्ड’ हा जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफवेअर्द’ होता. ह्लाफ म्हणजे आजचा लोफ, पाव. तो राखणारा तो लॉर्ड, आणि त्याचे पीठ मळणारी ती लेडी. माझ्या बोटांना ज्वारीचे पीठ होते, त्याचा ठसा त्या पानावर उमटला आहे. ‘डेंजर’सुद्धा याच डॉमिनुसच्या घरातला, धन्याच्या हातात असलेली, आपले बरेवाईट करण्याची ताकद हा त्याचा जुना अर्थ. “आज आई डेंजर मूडमध्ये आहे,” असे धाकटी मैत्रिणीला फोनवर सांगते, ते मी कितीदा ऐकून सोडून दिले आहे.

पाचवा शब्द ‘ऑथॉरिटी’. त्याच्या मुळाशी वाढवणे हा अर्थ आहे. जो एखादी गोष्ट वाढवतो, तिला अस्तित्वात आणतो, तो ‘ऑक्टर’, आणि त्यावरूनच लेखकाला ‘ऑथर’ म्हणतात. हा शब्द आईला किती शोभला असता, असे वाटून पुन्हा घसा दाटला. पण तिने तिथे शाळेतल्या शिक्षेविषयी लिहिले आहे, आणि वाढवण्याचा शब्द शिक्षेपर्यंत कसा येऊन पोचतो हे मला कोशात शोधायची गरज नव्हती. जूनमध्ये तिचा चित्रकलेचा क्लास मी बंद केला. गणित कच्चे होते, वेळ पुरत नव्हता, माझे म्हणणे चुकीचे नव्हते. तिने वाद घातला नाही. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून आली. मी तिला एकदाही विचारले नाही. माझ्या आईनेही मला कधी विचारले नव्हते, पण ते आता नको.

म्हणजे वाक्य बरोबर आहे. मला ते लागले आहे, कदाचित उद्याही लागेल, पण ते खोटे नाही. अशोकाच्या आणि कप्तानाच्या ओळींत तिने ऐकलेले लिहिले, या ओळीत पाहिलेले लिहिले, आणि तेही तिने लपवले नाही. आई ही वही वाचणार आणि त्यावर सही करणार हे तिला ठाऊक होते. एवढी भीती तरी तिला माझी नाही, याचे आता, बारा वाजत आले असताना, बरे वाटते आहे.

सही केली. चौथ्या वाक्याच्या अगदी खाली, पूर्ण नावाने. रंगांची पेटी खाली काढून तिच्या टेबलावर ठेवली आहे. रोज रात्री वेळापत्रक बघून दप्तर मीच भरते; आज वही वर ठेवली आणि दप्तर तसेच राहू दिले.