बोटांच्या बेचक्यातलं पाणी

आमच्या मेसच्या स्वयंपाकघरात मी अठरा वर्षं अनवाणी उभी होते. वीस-बावीस पोरांचे डबे, फरशी सदा ओली आणि पायाच्या बोटांत चिखल्या. चिखल्यांना कोण आजार म्हणतं? डावा घोटा संध्याकाळी सुजायचा, सकाळी उतरायचा. दिवसभर उभं राहून होत असेल म्हणून सोडून दिलं. मग २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, डाव्या जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, पोटरी लालबुंद. ताप चार दिवसांत गेला, सूज मात्र सकाळीही तशीच.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "काही नाही वं, वाताचं आहे. विटेनं शेक अन् तेल लावून जोरात चोळ." आठ दिवस चोळलं, पाय आणखी भरला. मेसमधल्या एका पोरानं मोबाइलवर लसीका, म्हणजे अंगात झिरपलेलं पाणी, 'साफ' करणारा काकडी-आल्याचा रस दाखवला. तोही पंधरा दिवस प्यायले. चवीला बरा होता, एवढंच त्याचं कौतुक.

शेवटी सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावरची कातडी मुळाशी चिमटीत धरली, ती आली. डाव्या पायाची येईचना; ही लसीका साचून आलेल्या सुजेची खूण. मग रक्त द्यायला रात्री बोलावलं, कारण हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच रक्तात फिरतात. माझं रक्त स्वच्छ निघालं. मी खूश झाले, तर डॉक्टर म्हणाले, जुन्या सुजेत असं बऱ्याचदा होतं. कृमी नळ्या बिघडवून गेलेले असतात.

नळ्या म्हणजे लसीकेच्या. रक्तातून झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडायचं त्यांचं काम. हृदयासारखा मोठा पंप त्यांच्यामागे नाही. नळ्या स्वतः थोड्या आकसतात, बाकी ढकलाढकली पोटरीच्या स्नायूंची आणि श्वासाची. मी तर ओट्यापाशी खांबासारखी उभी. त्यात चिखल्यांच्या भेगेतून जंतू आत शिरले की ताप, आणि दर तापाला नळ्या आणखी खराब. म्हणजे मी वर्षानुवर्षं दार उघडंच ठेवलं होतं.

तेव्हा आठवलं. २०१९ च्या सुरुवातीला नागपुरात हत्तीरोगावरच्या तीन औषधांची मोहीम आली होती, तेव्हा आमच्या गल्लीत आशाताई खुणांची काठी घेऊन आल्या होत्या, उंचीप्रमाणे गोळ्या द्यायला. समोरच खायच्या होत्या. मी "उपास आहे" म्हणून हातात घेतल्या आणि हळदीच्या डब्यामागे ठेवल्या. घेतल्या असत्या तर पाय वाचला असता असं छातीठोक म्हणता येणार नाही, कृमी त्याआधीच शिरलेले असू शकतात. पण तो डबा आजही डोळ्यांसमोर येतो.

पाय धुवायला सिस्टरनं शिकवलं. मला वाटलं, यात काय शिकायचं! टबात साधं पाणी, गरम नाही. अंगाचा साधा साबण. सुजेच्या वरच्या टोकापासून खाली पावलापर्यंत, हलक्या हातानं. मग पुसणं, आणि खरी मेहनत इथंच. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. मेथी निवडावी तसं तिनं एकेक बोट बाजूला केलं आणि मऊ सुती चिंधीनं बेचकं कोरडं केलं. "ताई, चिंधी ओली निघाली तर परत. कोरडी निघेपर्यंत." वरून बुरशी मारणारं मलम.

घरी अडलं ते चपलेवर. स्वयंपाकघरात देवघर, आणि सासूबाईंच्या राज्यात तिथं चप्पल? दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच गोकुळपेठेच्या बाजारातून पांढऱ्या रबरी स्लिपर घेऊन आल्या. "ह्या फक्त ओट्याच्या. संडासात नेशील तर पाहून घे." आता रोज रात्री त्या स्लिपर त्याच घासतात.

बाकीचं कामातच बसवलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत टाचा वर-खाली. पोळ्या लाटायला आता उंच स्टूल. पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा (हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). दुपारी आडवी झाले की दहा खोल श्वास, पोट फुगवून. सूज दाबून धरणारा घट्ट दाबमोजा मापानं घेतला; माप सकाळी उठल्याउठल्या द्यायचं, तेव्हा सूज सर्वांत कमी असते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तो मोजा घालणं काय असतं, ते कूलरसमोर पाय धरून बसलेल्यालाच विचारा. काही दिवस मी तो घातलाच नाही, खोटं कशाला बोलू.

हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो, म्हणून सेप्टिक टँकच्या पाइपला जाळी बांधली. पोरांनीच चढून बांधली.

दर रविवारी सकाळी घोट्याच्या वर चार बोटं, शिंप्याच्या फितीनं माप घेते. सुरुवातीला ३१ सेंटिमीटर, वर्षभरानं २८. उजवा पाय २४ आहे. तिथपर्यंत जाणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे रोगराई घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेले, नवी चप्पल घालून. "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत गर्दीत मीही ओरडले आणि घरी आले ती टाचेला फोड घेऊन. तिसऱ्या रात्री हुडहुडी. या वेळी वीट तापवली नाही, सकाळी थेट दवाखाना. फीत ३० वर गेली होती. दिवाळीच्या फराळापर्यंत साडेअठ्ठावीस झाली.

आता भांडण एकाच गोष्टीवरून होतं. माझी पायाची चिंधी कोणीतरी ओट्याचं फडकं म्हणून उचलतं.