आमची वाटचाल: ऑर्डर आल्या, पैसा आला नाही

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथ) आणि व्हीएमसीचं (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) काम चालतं. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, दुचाकीचे काही पार्ट. अशी मशीन शॉप भोसरी-चाकण पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. कोविडमध्ये त्यांचं काय झालं हे सांगताना बहुतेक जण ‘मागणी घटली’ म्हणून मोकळे होतात. मागणी घटली हे खरंच. एप्रिल ते जून 2020 मध्ये देशाचा जीडीपी जवळपास 24 टक्क्यांनी आकसला, एप्रिलमध्ये मारुतीची देशातली विक्री शून्य होती. पण पुढे ऑर्डर परत आल्या. शेती वाढतच राहिली होती, त्यामुळे ट्रॅक्टरचं काम असलेले तर आधी सावरले. आमच्या पाहण्यात शॉपला कुलूप लागलं ते खेळत्या भांडवलापायी, आणि तेही बऱ्याचदा काम हातात असताना.

बँकेची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या उचलीची मर्यादा) कागदावर कितीही असो, उचलता येते ती ड्रॉइंग पॉवरएवढीच, म्हणजे स्टॉक आणि येण्यांवरून बँक काढते त्या रकमेएवढी. समजा स्टॉक 12 लाख, देणी 8 लाख, येणी 40 लाख आणि मार्जिन (बँक कर्जासाठी धरत नाही तो हिस्सा) 25 टक्के. स्टॉकमधून देणी वजा जाता 4 लाख, त्याचे 75 टक्के म्हणजे 3 लाख. येण्यांचे 75 टक्के 30 लाख. एकूण 33. आता 60 दिवसांत पैसे देणाऱ्या कंपनीने लॉकडाऊनचं कारण सांगून 16 लाखांचं पेमेंट लांबवलं. येणी 90 दिवसांपलीकडे गेली की बँक सहसा ती धरत नाही. उरलेल्या 24 लाखांचे 18, अधिक 3, म्हणजे 21. एकही ऑर्डर न गमावता 12 लाख रुपये हातातून गेले, आणि ते नेमके बार विकणारा स्टीलवाला रोखीशिवाय माल सोडेनासा झाला तेव्हा. शिवाय बिल केलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचाच, कंपनीकडून पैसे येवोत न येवोत. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने मार्जिन कमी करून ड्रॉइंग पॉवर नव्याने काढायची मुभा बँकांना दिली होती. ती मुभा होती, सक्ती नव्हे. ज्याने लेखी अर्ज केला त्याचाच विचार होण्याची शक्यता.

मॉरेटोरियम, म्हणजे कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत, 1 मार्चपासून, वाढवून 31 ऑगस्टपर्यंत. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. मशीनच्या कर्जाचे 15 लाख बाकी, दर 11 टक्के, 36 हप्ते उरलेले असतील तर सहा महिन्यांनी बाकी 15.84 लाखांवर जाते आणि त्याच हप्त्याने 36 ऐवजी साडेअडतीसच्या आसपास हप्ते होतात. व्याजावरचं व्याज नंतर परत मिळालं, पण ती रक्कम किरकोळ. ज्याच्याकडे हप्त्यापुरते पैसे होते त्याने तो भरलेला बरा होता.

मे 2020 मध्ये जाहीर झालेली हमी-कर्ज योजना, ईसीएलजीएस, खरी कामी आली. 29 फेब्रुवारीला बाकी असलेल्या कर्जाच्या 20 टक्के, वेगळं तारण नाही, बँकांसाठी व्याज 9.25 टक्क्यांच्या आत, चार वर्षं मुदत, पहिलं वर्ष फक्त व्याज. 30 लाख बाकी असणाऱ्याला 6 लाख. वर्षभर महिना 4,625 रुपये आणि मग 36 हप्ते, प्रत्येकी सुमारे 19,150. हे हप्ते सुरू झाले ते दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ. आणि ज्याने आयुष्यभर कर्ज न काढता धंदा केला त्याला 20 टक्के कशाचे मिळणार? शून्याचे. अमेरिकेत पगारावर खर्च केलेलं कर्ज माफ झालं. आपल्याकडे लहान उद्योगाला मदत मिळाली ती मुख्यतः आणखी कर्जाच्या रूपात. तिजोरीची ऐपतच तेवढी, असं म्हणता येईल, पण भार उचलला कोणी हेही दिसतं.

दीर्घ बंदनंतर मशीन सुरू करणं हे वेगळंच प्रकरण. कंट्रोलच्या बॅटरीचा अलार्म दिसला तर मेन स्विच चालू ठेवूनच बॅटरी बदलायची. बंद करून बदलली की पॅरामीटर (मशीनचं सेटिंग) किंवा होम पोझिशन (अक्षांची मूळ जागा) जाते, आणि जिल्हाबंदीत सर्व्हिस इंजिनिअर आणायचा कुठून? टाकीतल्या कूलंटवर (कटिंगच्या वेळी थंडावा देणारं पाणी-तेलाचं मिश्रण) स्लाइडवेच्या, म्हणजे मशीनच्या सरकत्या पट्ट्यांच्या ऑइलचा थर बसतो, हवा बंद होते, जंतू वाढतात, पीएच उतरतो; मग घाण वास आणि तयार जॉबवर गंज. नुसतं नवं कूलंट वर ओतून भागत नाही. टाकी रिकामी करून धुवायची, नवं भरून रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण मोजायचं साधन) 6 ते 8 टक्के मिळवायचं. रीडिंगला त्या कूलंट ऑइलचा फॅक्टर गुणायला विसरू नये. एअर लाइनमधलं पाणी काढायचं. स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) 500 आरपीएमपासून पायरीपायरीने चढवायचा, कारण ग्रीस एका जागी बसलेलं असतं आणि एकदम फुल स्पीडला बेअरिंग तापतं.

22 एप्रिल 2021 पासून मोजके उद्योग वगळता ऑक्सिजन कारखान्यांना बंद झाला. योग्यच होतं. पण प्लेटचं गॅस कटिंग थांबलं आणि जॉब एअर प्लाझ्मावर (ऑक्सिजनऐवजी वीज आणि हवेने कटिंग) गेले. प्लाझ्माच्या कडेला तिरपा कट येतो आणि हवेतल्या नायट्रोजनने कड कडक होते. जुन्याच अलाउन्सवर (मिलिंगसाठी सोडलेलं जादा मटेरियल) मिलिंग केलं तर इन्सर्ट (कटरची बदलती पाती) धडाधड जातात. अलाउन्स वाढवून पहिला कट त्या कडक थराच्या खालून घ्यावा लागतो, आणि त्याचा दर कोटेशनमध्ये धरावा लागतो.

एमएसएमई कायद्यातली 45 दिवसांची अट 2006 पासून आहे, पण कामाच्या भीतीने ती मागायचं कोण! आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकराच्या कलम 43बी(एच) मुळे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं मुदत टळलेलं बिल 31 मार्चला थकलेलं असेल, तर कंपनीला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. तेव्हापासून कंपन्या स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला) मागतात. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. काही ठिकाणी माल आत घेऊन जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) उशिरा करतात. पण कायद्याने दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून, 15 दिवसांत लेखी हरकत आली नसेल तर. म्हणून डिलिव्हरी चलनावर गेटचा तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय आमचा टेम्पो निघत नाही.