अंथरलेलं आणि बसवलेलं

सोमवार, रात्र

आज वकिलांकडून तो फॉर्म आला. टीए-१०. इथे इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याने तो भरून द्यायचा असतो. घरातलं काय ठेवून जाणार आणि काय घेऊन जाणार, याची खोलीवार यादी. पडद्यांच्या दांड्या, भिंतीतली कपाटं, बागेतली शेड, सगळ्यांना वेगवेगळे रकाने. दिवा काढून नेलात तर त्या जागी होल्डर आणि बल्ब लावून जायचं, इतकं बारीक त्यात धरलेलं आहे. बाकीची पानं मी पोळ्या होईपर्यंत भरून टाकली. कार्पेटच्या पानाशी पेन थांबलं. हॉल आणि जिना, बैठकीची खोली, मग एकेक झोपायची खोली. प्रत्येकीपुढे ठेवणार की नेणार, आणि पैसे मागायचे असतील तर आकडा.

आम्ही लेस्टरला जे घर घेतोय, त्याचा असाच फॉर्म परवाच आला होता. तिथला माणूस वरच्या तिन्ही खोल्यांची कार्पेटं नेणार आहे. म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा वर उघड्या फळ्या. नवरा म्हणाला, "मग आपणही आपली नेऊ. तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत."

त्याचं चुकत नाही. बैठकीच्या खोलीतलं कार्पेट ऐंशी टक्के लोकरीचं आहे. चौरस मीटरला ३२ पाउंड. गुंडाळी चार मीटर रुंद येते आणि तेवढी रुंदी घ्यावीच लागते, खोली ३.६५ मीटरची असली तरी. बाहेर आलेल्या खिडकीपर्यंत लांबी ४.४० मीटर. म्हणजे १७.६ चौरस मीटर, ५६३ पाउंड, वर अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, आणि बसवण्याची मजुरी. त्या वर्षी आम्ही भारतात गेलो नव्हतो, तिकिटाच्या पैशांत हे आलं होतं. असल्या गोष्टी विसरता येत नाहीत.

मंगळवार

दिवसभर डोक्यात तेच. जेवणाच्या सुट्टीत कायदा वाचत बसले. जमिनीला खिळून बसवलेलं कार्पेट घराचा भाग की घरातलं सामान, हा प्रश्न इथल्या अपील न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९६ साली, बोथॅम विरुद्ध टीएसबी बँक. कर्ज थकलं म्हणून बँकेने फ्लॅट ताब्यात घेतला, आणि आतलं काय काय बँकेचं झालं यावर वाद. स्वयंपाकघराची कपाटं आणि सिंक घराचा भाग धरले गेले. कार्पेटं आणि पडदे मात्र सामान. वस्तू किती घट्ट बसवली आहे आणि कशासाठी बसवली आहे, या दोन गोष्टी बघतात. कार्पेट हलकंच धरलेलं असतं, घराला इजा न करता उचलता येतं. तेव्हा कायद्याने ते माझं आहे. फॉर्मवर 'नेणार' लिहिलं की कोणी बोट दाखवू शकत नाही.

हे वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आपल्या भाषेत जमिनीवर घालायच्या वस्तू केवढ्या! चटई, सतरंजी, जाजम, घोंगडी, गालिचा. सगळ्या अंथरायच्या आणि काम झालं की गुंडाळायच्या. मुक्काम हलवण्यालाही आपण गाशा गुंडाळणं म्हणतो. तो गाशाही घोड्याच्या पाठीवर घालायचं कापडच. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापून ताणून बसवलेल्या गोष्टीला मात्र आपल्याकडे शब्द नाही, आपण सरळ कार्पेट म्हणतो. आणि कोणी 'कार्पेट अंथरलं' म्हणत नाही. 'बसवलं' म्हणतात, जशी लादी बसवतात. मला तर हा फरक न्यायालयाच्या दोन कसोट्यांपेक्षा नेमका वाटतो.

गुरुवार

ज्याने कार्पेट बसवलं होतं त्यालाच फोन केला. पन्नाशी उलटलेला, गुडघे दुखतात म्हणणारा सज्जन माणूस. गुडघ्याने दणके देऊन कार्पेट पुढे सरकवायचं एक अवजार असतं, ते आयुष्यभर मारून मारून त्याचे गुडघे गेलेत. त्याने मोजमापं विचारली. जिन्याचं विसरा, म्हणाला. तेरा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीच्या कडेवर लोकर दबून चकाकते. नव्या जिन्यावर ती दबलेली रेघ भलतीकडेच येईल. अंडरलेही उचलताना फाटतो. मोठ्या खोलीसाठी लहान खोलीतलं चालत नाही, कारण कापलेलं वाढत नाही. पण बैठकीच्या खोलीतलं लेस्टरच्या मागच्या बेडरूममध्ये, ३.४० बाय ३.२० मध्ये, आरामात बसेल.

म्हणजे नेमकं सगळ्यात महागाचं नेण्यासारखं आहे. फोन ठेवला आणि सोफ्याच्या मागे जाऊन कोपरा उचलून बघितला. जुन्या पकडीने टोक धरून वर ओढलं तर चर्र आवाज करत सुटलं. खाली भिंतीलगत ती लाकडी पट्टी. इंचभर रुंद, तिच्यातून वर आलेल्या बारीक खिळ्यांच्या रांगा, सगळे भिंतीकडे कललेले. कार्पेट भिंतीकडे ताणून त्यांच्यावर बसवायचं, मग ते मागे सरकत नाही. मी अंगठ्याने एक खिळा दाबून बघितला आणि अकरा वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवला.

शुक्रवार, पहाटे

झोप नाही. लिहून टाकते.

या घराची किल्ली मिळाली तेव्हा लेक दहा महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. दार उघडलं तर सगळ्या घरात उघड्या फळ्या. आधीच्या मालकांनी एकूण एक कार्पेट काढून नेलं होतं. तसं फॉर्मवर लिहिलेलंही होतं. आम्ही पहिल्यांदाच घर घेत होतो, त्या रकान्याचा अर्थ आमच्या लक्षातच आला नव्हता. १९३० च्या दशकातली ही घरं. तळमजल्याच्या फळ्यांखाली पोकळी असते आणि लाकूड कुजू नये म्हणून बाहेरच्या भिंतीत तळाला जाळीच्या विटा, हवा खेळती राहावी यासाठी. ती हवा फळ्यांच्या फटींतून वर येत होती. मेणबत्ती लावली असती तर विझली असती. आणि चारी भिंतींना त्या खिळ्यांच्या पट्ट्या तशाच.

संध्याकाळपर्यंत माझ्या टाचेत दोन खिळे गेले. लेकीला नऊ दिवस खाली सोडलं नाही. आई तेव्हा बाळासाठी आलेली होती. ती सांगलीची, रोज ओल्या फडक्याने लादी पुसणारी. पुसता येत नाही ती जमीन कसली, असं तिचं कार्पेटबद्दल स्पष्ट मत. तीच आई पोरीला कडेवर घेऊन त्या खोलीत येरझाऱ्या घालत होती आणि म्हणत होती, "अगं, घर सोडताना केर काढावा, उंबऱ्याला नमस्कार करावा नि निघावं. जमीन उचलून कोण नेतं का?"

त्या लोकांनी बेकायदा काही केलं नव्हतं. पण त्या नऊ दिवसांबद्दल मी त्यांना मनातून माफ केलेलं नाही, अजूनही.

शनिवार

घर घेणारं जोडपं आज दुसऱ्यांदा आलं, पडद्यांची मापं घ्यायला. बरोबर त्यांचा मुलगा, आठ-नऊ महिन्यांचा. त्याच्या आईने विचारलं, "खाली ठेवू का याला?" ठेवला. तो तडक खिडकीकडे रांगत गेला आणि तिथल्या चार खळग्यांपैकी एकात बोट घालून बसला.

ते खळगे आमच्या गणपतीच्या चौरंगाचे. दर वर्षी खिडकीत तीच जागा. लोकर फुगून वर येते, बर्फाचा खडा ठेवला की उठते, असं सांगतात, आणि इतर ठिकाणी उठलीही. इथली नाही. त्याच जागी मागच्या वर्षी प्रसादाच्या ताटातली हळद सांडली होती. मी साबण, लिंबू, सोडा, सगळं केलं. डाग गेला तो उन्हाने. दक्षिणेची खिडकी आहे, मे-जूनमध्ये ऊन नेमकं तिथे येतं, आणि हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. वरच्या जिन्यापाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथला तळहाताएवढा पिवळा डाग तसाच आहे.

तो मुलगा बोट खळग्यात फिरवत होता आणि मला कळलं की हे कार्पेट लेस्टरला नेलं तर माझ्याकडे ३.४० बाय ३.२० चा एक लोकरीचा तुकडा येईल. बाहेर आलेल्या खिडकीचं वळण आणि चिमणीभोवतीचा घेर ज्या आकारात कापला होता तो आकार मी कचऱ्यात टाकलेला असेल. आणि इथे पुन्हा खिळ्यांच्या पट्ट्या.

ती मंडळी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाचशे मागून तरी बघू?" मी नाही म्हटलं. रागावला नाही. तोही त्या नऊ रात्री लेकीला खांद्यावर घेऊन फिरलेला आहे.

सगळ्या खोल्यांपुढे 'ठेवणार'. किमतीचा रकाना रिकामा. शेऱ्यात लिहिलं, जिन्याच्या वर एक हळदीचा डाग आहे. करारांची अदलाबदल झाली की हा फॉर्म कराराचाच भाग होतो, म्हणून डाग लपवायचा नव्हता. लेस्टरच्या वरच्या खोल्यांसाठी साधं, नायलॉनचं घेऊ. पट्ट्या मात्र आधी बघून घेणार, सामान आत जायच्या आधी.

रविवार

माळ्यावर बैठकीच्या कार्पेटचा उरलेला पट्टा सापडला, ३५ सेंटिमीटर रुंद आणि साधारण साडेचार मीटर लांब. कुठे जळलं, फाटलं तर ठिगळाला लागतो म्हणून कार्पेट बसवणारा तो ठेवून गेला होता. नव्या लोकांना तोच उपयोगाचा, तेव्हा त्यावर खोलीचं नाव लिहून माळ्यावरच ठेवायचं ठरलं.

लेक म्हणाली, "आई, थोडा चौरंगाखाली घालायला?"

पट्टा उलटा केला. कार्पेट पाठीकडून कापतात, विणीच्या दोन ओळींमधून, म्हणजे लोकरीचे धागे तुटत नाहीत. दोघींनी मिळून चौरंगाच्या लांबीएवढा तुकडा मोजला. तिने पट्टी धरली, मी सुरी ओढली.